दोन तोंडं, पोट एकच

कागलची गाडी सकाळीच कोल्हापूरच्या उद्यमनगरात आली. डिकीत १२ इंची दोन सब (सबवूफर, खालच्या सुरांचे मोठे स्पीकर), प्रत्येकात ४-४ ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी), सोबत मोनो ॲम्प, म्हणजे एकाच चॅनेलचा ॲम्प्लिफायर. "दादा, गावातनं हळू वाजवतोय तोवर बरं चालतंय. हायवेला आवाज वाढवला की दहा मिनिटांत ॲम्पचा लाल दिवा, आन् गप्प." आधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकानं अर्थिंगची वायर बदलली, दुसऱ्यानं बॅटरीची वायर जाड केली. दोन्ही कामं नीट होती, दुखणं तिथं नव्हतंच.

ॲम्पवर छापलेलं: ४ ओहमला ३५० वॉट, २ ला ६००, त्याखाली नको. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा; ओहम कमी तितका करंट जास्त. जोडणाऱ्यानं प्रत्येक सबच्या कॉइल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करून सब २ ओहमचा केला होता. ॲम्पला स्पीकर जोडायच्या प्लस-मायनसच्या दोन जोड्या दिसल्या, म्हणून एकेक सब एकेका जोडीवर. फसला तो इथंच! मोनो ॲम्पच्या या जोड्या सहसा आतून एकच असतात. वायरी बसवायला सोपं जावं एवढ्यासाठीच दोन. पॉवर बंद, वायरी मोकळ्या करून दोन्ही प्लसवर मीटर लावला, तर बीप: आतून जोडलेलेच. म्हणजे दोन्ही सब परत पॅरलल, ॲम्पवर लोड १ ओहम. करंट दुप्पट. हळू आवाजात ते खपतं, जोरात आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापतात.

दोन्ही सबच्या वायरी एकत्र पिळून मोजलं: ०.९. मीटरचा आकडा छापील ओहमपेक्षा कमीच येतो. ४ ची कॉइल साधारण ३.२ ते ३.७ दाखवते, आणि मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येईल तो आकडाही वजा करायचा.

गिऱ्हाइकाला २ ओहमच हवे होते. पैसे ६०० वॉटचे दिलेत ना. पण या चार कॉइल सारख्या वापरल्या तर १, ४ किंवा १६ एवढंच निघतं. २ पाहिजे तर एकच सब ठेवा. आणि तो तोट्याचा सौदा: ६०० वरून ३५० वर आलं तर सव्वादोन डेसिबल जातात, पण तेवढ्याच वॉटवर जोडीचा दुसरा सब साधारण ३ डेसिबल परत देतो.

मग प्रत्येक सबमध्ये पहिल्या कॉइलचा मायनस दुसरीच्या प्लसला, उरलेली दोन टोकं ॲम्पला. सब ८-८ ओहमचे, दोन्ही पॅरलल मिळून ४. एक कॉइल उलटी लागली तर दोघी एकमेकींना अडवतात, कोन (स्पीकरचा पुढचा पडदा) हलतच नाही. म्हणून दीड व्होल्टचा सेल टेकवून दोन्ही कोन बाहेरच येतात का, ते पाहिलं.

गेन (ॲम्पवरचा सिग्नल वाढवायचा नॉब) कानानं लावायचा नसतो. सब सोडवून ५० हर्ट्झचा टोन, मीटर एसीवर, ३७ व्होल्टला थांबलो. ३५० वॉट गुणिले ४ ओहम, त्याचं वर्गमूळ.

अर्धा तास जोरात वाजवल्यावरही ॲम्पवर हात ठेवता येत होता. नवं सामान काही लागलं नाही, उलट जुन्या जोडणीतले दोन जम्पर उरले.