जुन्या पीसीत नवी डिस्क: आधी बायोसची मर्यादा बघा

जुन्या मशीनमधली आयडीई (रुंद चपट्या केबलने जोडायची, जुन्या प्रकारची) डिस्क टिकटिक करायला लागली, की दुसरी घेण्याआधी त्या मशीनचा बायोस, म्हणजे मशीन चालू होताच हार्डवेअर ओळखणारा प्रोग्रॅम, किती मोठी डिस्क ओळखतो ते बघा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे बायोस १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर (डिस्कवरच्या जागेचा पत्ता सांगणारे तीन आकडे) यापुढे मोजत नाहीत, म्हणजे ५२८ एमबीला गाडी थांबते. पुढच्या पायऱ्या ८.४ जीबी, सुमारे ३३ जीबी आणि १३७ जीबी. ३३ जीबीला अडकणारा बायोस बऱ्याचदा डिस्क शोधतानाच गोठतो. त्यासाठी काही डिस्कवर क्षमता कमी दाखवणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो. १३७ जीबीचा घोळ जास्त वाईट, कारण सुरुवातीला सगळं सुरळीत दिसतं. डिस्क भरत जाते आणि मर्यादा ओलांडली की नवा डेटा सुरुवातीच्या सेक्टरांवर जाऊन पडतो. विंडोज ९८ आणि सर्व्हिस पॅक नसलेलं एक्सपी इथे हमखास फसतं.

म्हणून वापरलेली आयडीई डिस्क शोधत बसण्यापेक्षा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड (जुन्या कॅमेऱ्यांतलं मेमरी कार्ड) आणि साधा अडॅप्टर बरा. कार्ड मुळातच आयडीईची भाषा बोलतं, त्यामुळे अडॅप्टरमध्ये फारसं काही नसतं. डॉससाठी २ जीबीचं कार्ड पुरतं, कारण फॅट१६ या डॉसच्या फाइल-पद्धतीचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग) तेवढंच होतं. एक्सपीसाठी मात्र ‘फिक्स्ड डिस्क’ म्हणून ओळख देणारं इंडस्ट्रियल कार्डच घ्या; साध्या कार्डाला एक्सपी रिमूव्हेबल समजतं आणि त्यावरचं फक्त पहिलंच पार्टिशन दाखवतं.

लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात आणि वीजही त्यातूनच येते. शेजारीच जंपरच्या ४ पिना असतात. कनेक्टर एक ओळ सरकून बसला तर डिस्क जळू शकते, तेव्हा टॉर्च लावून बघा.

मरायला टेकलेल्या डिस्कची आधी पूर्ण इमेज (सगळ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत) घ्या, फाइली एकेक कॉपी करू नका. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने पहिल्या फेरीत खराब जागा सोडून द्यायच्या, चांगला भाग हाती आला की मगच त्यांच्यामागे लागायचं. फार जुनी, एलबीए (सेक्टरांना सरळ क्रमांक देण्याची पद्धत) नसलेली डिस्क यूएसबी अडॅप्टरवर सहसा दिसतच नाही. ती खऱ्या आयडीई पोर्टलाच जोडावी लागते.

आता सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट. नव्या कॉम्प्युटरवर पार्टिशन केलेलं कार्ड जुन्यात बूट होत नाही, कारण दोन्ही बायोस सिलिंडर-हेडचा हिशोब वेगवेगळा मांडतात. पार्टिशन आणि फॉरमॅट त्याच जुन्या मशीनवर करा. बायोसमध्ये ‘नॉर्मल’, ‘लार्ज’, ‘एलबीए’ यांपैकी कोणता मोड होता तो कागदावर लिहून डिस्कच्या खणात चिकटवा. सीमॉसची (बायोसच्या सेटिंग्ज साठवणाऱ्या मेमरीची) बॅटरी संपली की ती निवड पुसली जाते, मोड बदलतो, आणि धडधाकट डिस्क मेल्यासारखी दिसते.