अठरा झाले, आता पुरे

ऑक्टोबर 2024 मधला तो शुक्रवार. आमच्या रटगर्स विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉलची मॅच लॉस एंजेलिसला, यूएससी या तिथल्या विद्यापीठाशी. आमच्या न्यू जर्सीत किकऑफ रात्री अकराला! मी कॉफी पिऊन जागा राहिलो आणि 42-20 असा मार खाल्लेला बघून झोपलो. बायको सकाळी एवढंच म्हणाली, "हौस!"

आता बिग टेनमध्ये, म्हणजे या दोघांच्या विद्यापीठ-लीगमध्ये (इथे तिला कॉन्फरन्स म्हणतात), आणखी कुणाला घ्यावं, ही चर्चा निघाली की मला ती रात्र आठवते. नाव 'टेन', सभासद अठरा. प्रत्येक टीम कॉन्फरन्समधल्या नऊच मॅच खेळते, म्हणजे सतरापैकी आठ जणांचं तोंडही त्या सीझनला दिसत नाही. याला लीग म्हणायचं की खोगीरभरती? टीव्हीचा पैसा मोठा आहे, मान्य. पण वाटेकरी वाढले की वाटाही वाढायला हवा, आणि तेवढं गिऱ्हाईक खेचणारी नावं उरलीत किती? नोत्र दाम विद्यापीठ. बाकी मला तरी दिसत नाहीत.

घ्यायचंच असेल तर फक्त फुटबॉलपुरतं घ्या. आर्मी, म्हणजे लष्करी अकादमीची टीम, 2024 पासून 'अमेरिकन' नावाच्या कॉन्फरन्समध्ये तसंच खेळते. तिचे बाकीचे बहुतेक खेळ पॅट्रियट लीगमध्येच राहिले. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा खेळतात, चार्टर विमानाने जातात. व्हॉलीबॉलच्या मुलींनी देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलला जाऊन यायचं आणि सोमवारी वर्गात बसायचं, ते कशासाठी? फॉक्स टीव्हीच्या वेळापत्रकासाठी?

ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटला मागे टाकून बाकीचे दहा जण (यूएससीही त्यातलीच) पॅक-12 ही पश्चिमेकडची कॉन्फरन्स सोडून गेले, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या होत्या, हे कबूल करतो.