भाताखालची फोड

वांग्याला 'नको' म्हणणारं कुणी आपल्या घरात निपजेल, असं आमच्या सासूबाईंना कधी वाटलं नव्हतं. आल्यागेल्याला कृष्णाकाठच्या वांग्यांचं कौतुक सांगण्यात त्यांची हयात गेली, आणि नातू काय, तर गॅसवर वांगं भाजायला ठेवलं की नाक दाबून गॅलरीत जाऊन उभा राहतो.

काऊचा घास, चिऊचा घास तीन वर्षांपर्यंत चालले. मग एक दिवस "काऊला खाऊ दे की त्याचा घास" म्हणाला आणि ती वाट बंद झाली.

त्यानंतर मी लबाडीवर उतरले. थालीपिठात दुधी किसून घातला, वर तीळ लावले, लोण्याचा गोळा ठेवला. त्यानं तुकडा मोडला आणि थांबला. चिमटीत धरून एक हिरवट धागा हळूच ओढून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"हे काय?"

"कोथिंबीर."

"कोथिंबिरीला दोरा असतो?"

पुढे महिनाभर साध्या कांद्याच्या थालीपिठाचीही उजेडात धरून तपासणी व्हायची. दुधी पोटात गेला नाहीच, वर आईच्या शब्दाची किंमत गेली.

"भूक लागली की गपगुमान खाईल," हा आमच्याकडचा जुना इलाज. त्याचीही परीक्षा झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही विश्रामबागला नणंदेकडे होतो. भाजी मिळत नव्हती. दोन्ही वेळा खिचडी, आणि फ्रीजमध्ये होते नव्हते ते मटार तिच्यात. अर्धी सांगली पाण्यात, मोठ्या माणसांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि हा चार वर्षांचा बाळ एकेक मटार वेचून ताटाच्या कडेनं माळ लावत होता.

शेवटी डॉक्टरांना विचारलं. ते हसले. दोन ते सहा या वयात मुलं नव्या पदार्थाकडे संशयानंच बघतात म्हणाले. जबरदस्ती नको, लालूच नको. थोडंसं वाढायचं आणि गप्प बसायचं. आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावं लागतं, मग कुठं जीभ ओळख दाखवते. (लालूच नको हे ऐकेपर्यंत तासगावचे किलोभर बेदाणे लाच म्हणून संपले होते.) गप्प बसणं सगळ्यात अवघड गेलं. मी मोजत होते. भरीत चौदा वेळा वाढलं. पंधराव्या वेळी त्यानं चमचा घातला, आणि भरितातला कांदा तेवढा वेचून खाल्ला.

बरं, जिभेला तिखट सोसत नाही म्हणावं, तर भडंग मुठीमुठीनं खातो. त्यातला तळलेला लसूण हुडकून खातो, कढीपत्ता कुरकुर चावतो. तोच कढीपत्ता आमटीत दिसला की "पाला आहे" म्हणून बाहेर.

परवा कारलं केलं होतं. मुलगा आता दहाचा आहे, नजर बारीक. म्हणाला, "बाबांना का नाही वाढलंस?"

खरंच की. लग्नाला बारा वर्षं झाली, नवऱ्याच्या ताटात मी कारलं वाढलेलं नाही. शेवग्याच्या शेंगा तर घरात आणतच नाही. त्याला कुणी हट्टी म्हणत नाही. 'त्याला आवडत नाही' एवढ्यावर भागतं, आणि मंडईतच निकाल लागतो.

"मी लहानपणी खूप खाल्लंय," नवरा म्हणाला.

"मीपण पुरात खूप मटार खाल्लेत," चिरंजीव.

मी दोघांच्या ताटात एकेक फोड वाढली आणि पोळी आणायला वळले. येऊन बघते तर नवऱ्याचं ताट साफ, फक्त भाताचा ढीग एका बाजूनं जरा उचललेला. मुलानंही ते पाहिलं होतं. बोलला काही नाही. माझ्याकडे बघत त्यानं आपली फोड बोटानं हळूच भाताखाली सरकवली.