ओलं तूस आणि टायझरसाहेब

आज दिवसभर मेलेल्या कोंबड्यांचं पोस्टमॉर्टेमच. पावसाळ्यात शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की रक्ती हगवण ठरलेली! आतडं उघडलं आणि अर्नेस्ट टायझर आठवले.

हार्वर्डचा हा माणूस शिकलेला माणसांची डॉक्टरकी. १९०७ मध्ये उंदराच्या जठरात क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशी परजीवी शोधला. त्याचे माणसातले पहिले रुग्ण नोंदले गेले थेट १९७६ मध्ये. पुढे टायझर वळले टर्कीच्या रोगांकडे, मग कोंबड्यांच्या. १९२९ मध्ये कोंबड्यांना हगवण लावणाऱ्या आयमेरिया या आतड्यातल्या परजीवीच्या तीन नव्या जाती मांडल्या: मॅक्सिमा, ॲसर्व्ह्युलिना, मायटिस. कुठली जात आतड्याच्या कुठल्या भागात बसते, हे बघूनच आम्ही आजही अंदाज बांधतो. (कोंबडीच्या शास्त्रज्ञांना कोण विचारतं म्हणा!)

शेडवाल्या काकांना एवढंच सांगितलं, "काका, पाण्याचे गळके निपल आधी बदला, तूस रोज हलवा. औषधाचं मग बघू."