मधमाशी नाही, माशीच आहे ती!

धुऱ्यावरचा सांभार (कोथिंबीर) फुलावर आलाय अन् त्यावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या माशांची नुसती गर्दी. तुम्ही आज पाठवलेल्या त्यांच्या बहुतेक फोटोंखाली ‘मधमाशी’ लिहिलं होतं.

मधमाशीला पंख चार, माशीला दोनच. पण बसलेल्या मधमाशीचे पंख एकावर एक येतात, फोटोत मोजता येत नाहीत. म्हणून आधी मिशा बघा. मधमाशीच्या लांब, कोपरासारख्या वाकलेल्या; या सिरफिड माशांच्या (फुलांवर येणाऱ्या, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या माशा) अगदी आखूड. डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले असले तर बहुधा नर, मधे फट असली तर मादी. डोळ्यांवर ठिपके दिसले, तर एरिस्टॅलिनस (सिरफिड माशांतलाच एक गट) असण्याची दाट शक्यता.

नुसता वरून काढलेला एक फोटो पुरत नाही, जात ठरता ठरत नाही. वरून, बाजूने, समोरून चेहऱ्याचा, आणि पंखांच्या शिरा दिसतील असा एक, एवढे हवेतच. ऊन चढायच्या आधी जा, तेव्हा माशा सुस्त असतात. अंगावर सावली पडली की उडालीच समजा. सोबत तारीख, गाव, फूल लिहा.

आणि पिकावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला म्हणून लगेच फवारू नका. या सिरफिड माशांतल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावाच खातात. पानामागे बिनपायांची, हिरवट, एका टोकाला निमुळती अळी दिसली, तर तिचाही फोटो पाठवा.