दारातली भीती

आज ऊन तापायच्या आत धरमपेठच्या घरी गच्चीवर सतरंजी टाकली आणि पालथी पडून सराव केला. कंबर पुढे, मान वर, कोपर वाकवलेले. मग उजवा हात मागे नेऊन पॅराशूटचं हँडल चाचपायचं, त्याच वेळी डावा डोक्यावर, नाहीतर शरीर हवेत कलंडतं. हातांना हे आपोआप यायला हवं. विमानातून पहिली एकटीची उडी जवळ आलीय.

आई तुळशीला पाणी घालायला आली. "कायले जिवाले घोर लावतेस वं?" म्हणाली.

भीती वाटतेच. रात्री छाती धडधडत जाग येते. मग मी लांब श्वास सोडते आणि जे पक्कं ठाऊक आहे ते आठवते. पाठीवर पॅराशूट दोन असतात. ठरलेल्या उंचीखाली वेगाने पडतच राहिले, तर एक छोटं यंत्र राखीव पॅराशूट स्वतःच उघडतं.

प्रशिक्षकासोबत मारलेल्या उडीत सगळ्यात कठीण होतं ते विमानाचं दार. बाहेर पडल्यावर पाळण्यासारखा पोटात खड्डा पडलाच नाही, कारण विमानाचा पुढचा वेग अंगात असतोच. पुढे ताशी सुमारे २०० किलोमीटरचा वारा, आणि डोकं लख्ख शांत.

पुण्याच्या शीतल महाजनांनी २००४ मध्ये आयुष्यातली पहिलीच उडी उत्तर ध्रुवावर मारली! त्यांच्याबद्दल आईला सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती.

"मले तिथं खाली उभं राहू देतात का?"

देतात. तिचंही तिकीट काढलं.