छत कुठे टेकलंय? स्टेडियम टूरच्या स्टेजचा अंदाज बांधताना

एखाद्या बँडच्या टूरच्या तारखा जाहीर झाल्या की चोवीस तासांच्या आत चाहत्यांनी काढलेली स्टेजची चित्रं फिरायला लागतात. हवेत तरंगणारं कडं, मैदानभर पसरलेला रॅम्प (स्टेजपासून गर्दीत जाणारी अरुंद वाट), डोक्यावर लटकणारा गोल स्क्रीन. यातली काही चित्रं खरंच देखणी असतात, पण बहुतेकांत एक गोष्ट राहून गेलेली असते: एवढं सगळं लटकलंय कशाला?

इनडोअर अरीनात छताच्या गर्डरना मोटारी लावून स्पीकर, लाइट, स्क्रीन वर ओढता येतात. उघड्या स्टेडियममध्ये मैदानावर छतच नसतं. वर जे काही दिसेल, त्याचं वजन कुठल्या तरी पायावरून जमिनीत उतरवावं लागतं. म्हणून अंदाज बांधायचा तर सुरुवात पायांपासून करावी.

यू-टू या रॉक बँडच्या '३६०°' टूरचा (२००९ ते २०११) सांगाडा म्हणजे याचं सरळ उत्तर. मार्क फिशर आणि विली विल्यम्स यांनी रचलेला तो चार पायांचा 'क्लॉ' (पंजा) साधारण ५० मीटर उंच होता. इतकी उंची नुसत्या दिखाव्यासाठी नव्हती. मधोमध स्टेज आणि त्यावर नेहमीचं छत ठेवलं, तर चार कोपऱ्यांचे खांब आणि खाली लोंबणारे स्पीकर कुणाच्या ना कुणाच्या डोळ्यांसमोर येतातच. पाय स्टेजपासून लांब नेले आणि सगळं वर उचललं, की चारही बाजूंच्या लोकांना खालून बँड मोकळा दिसतो. फक्त उघडणारा-मिटणारा स्क्रीनच ५४ टनांचा होता, हे लक्षात घेतलं की ते पाय इतके जाड का होते ते समजतं.

मेटॅलिका या बँडने २०२३ पासूनच्या 'एम७२' टूरमध्ये उलटा रस्ता धरला: छतच नको. मैदानाच्या मध्यावर कड्यासारखं स्टेज, कड्याच्या आत उभे चाहते, भोवती आठ मनोरे आणि त्यांवरच स्क्रीन व स्पीकर. वजन आठ ठिकाणी वाटलं गेल्यामुळे एकच अवाढव्य सांगाडा लागत नाही. ड्रमरला मात्र कड्याच्या एकाच टोकाला बसवून चालत नाही, म्हणून चार बाजूंना चार ड्रमसेट. डोक्यावर छत नसल्याने पावसाचा बंदोबस्त प्रत्येक यंत्राला वेगळा करावा लागतो, हे मोल त्यात आहेच.

आता पुराव्याकडे वळू. सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे तिकिटांचा सीटिंग मॅप, पण तो वाचायचा कसा ते ठाऊक हवं. त्यावर काढलेला स्टेजचा आकार बहुतेक वेळा तात्पुरता असतो. तिकीट कंपनीकडचा तयार आयत तिथे चिकटवलेला असतो. त्या चित्रावरून वाद घालण्यात अर्थ नाही. बघायचं ते विक्रीतून वगळलेले ब्लॉक आणि दरांचे पट्टे. प्री-सेलच्या (सर्वांसाठी विक्री खुली होण्याआधीच्या विक्रीच्या) पहिल्या तासातच मॅपचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नंतर दर आठवड्याला एक घ्या आणि शेजारी ठेवून ताडून बघा.

स्टेजमागचे मोजके ब्लॉक बंद आणि बाजूचे सगळे विक्रीला असतील, तर मागची भिंत अरुंद आहे किंवा स्टेज पुढे सरकवलेलं आहे. बंद ब्लॉक दोन्ही बाजूंना कोपऱ्याच्या बरेच पुढे येत असतील, तर मैदानाच्या रुंदीइतका स्क्रीन येतोय असं समजा. त्याची कड बाजूच्या लोकांची नजर अडवते. एकही ब्लॉक बंद नसेल, तर स्टेज मध्यावर. उभ्यांच्या जागेचे तुकडे कसे पाडलेत तेही पाहा. दोन तुकड्यांमधली लांब, अरुंद, विक्रीला नसलेली पट्टी म्हणजे रॅम्प. पट्टीच्या टोकाला मोकळा चौकोन किंवा गोल असेल, तर ते बी-स्टेज, म्हणजे गर्दीच्या मधलं छोटं दुसरं स्टेज.

एक चूक इथे हमखास होते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे, बरोबर मध्यावर एक रिकामा चौकोन दिसतो आणि लोक म्हणतात, 'दुसरं स्टेज!' तो साउंड आणि लाइटच्या कन्सोलचा मचाण असतो. आसपासचे छोटे चौकोन डिले टॉवरचे (मागच्या लोकांसाठीच्या जादा स्पीकरच्या मनोऱ्यांचे) आणि कॅमेऱ्यांच्या चौथऱ्यांचे. असा मचाण मध्यरेषेवर न दिसता कडेला गेलेला दिसला, तर मात्र कान टवकारा. मग स्टेजला ठरावीक 'समोर' अशी बाजू नसण्याची शक्यता बरीच वाढते.

स्क्रीनबद्दलचे अंदाज बहुधा नुसते आकाराचे असतात. वाऱ्याचा विचार कुणी करत नाही. ४० मीटर रुंद, १५ मीटर उंच, म्हणजे ६०० चौरस मीटरचा सलग स्क्रीन घ्या. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या झोताचा दाब चौरस मीटरला सुमारे २५ किलो होतो. म्हणजे एकूण १५ टनांचा आडवा रेटा, आणि सपाट पृष्ठभाग वारा जास्त अडवतो म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. नुसतं घर्षणावर हे थोपवायचं तर रेट्याच्या दुप्पट-तिप्पट वजन तळाशी लागतं. हजार लिटरच्या पाण्याच्या टाक्या लावल्या, तर एकेक टाकी एक टनाची. स्टेजमागे अशा चाळीसेक टाक्यांची रांग लागली. चाहत्यांच्या एकाही चित्रात ती रांग नसते. जाळीसारखे, आरपार हवा जाऊ देणारे स्क्रीन इतके का वापरतात, त्याचं एक मोठं कारण हे. हा हिशेब कागदी वाटत असेल त्यांनी इंडियाना स्टेट फेअर आठवावं. १३ ऑगस्ट २०११ ला वादळाआधीच्या वाऱ्याने तिथलं स्टेजचं छत कोसळलं आणि ७ जणांचे जीव गेले.

रुंद स्क्रीनची दुसरी अडचण म्हणजे स्पीकर टांगायचे कुठे? डावी-उजवीकडची नेहमीची जागा स्क्रीन खाऊन टाकतो. यू-टूच्या १९९७ च्या 'पॉपमार्ट'मध्ये सुमारे ५० मीटर रुंद एलईडी स्क्रीन होता. तिथे स्पीकरचा एकच नारिंगी गोळा मध्यावर, पिवळ्या कमानीला टांगला. आजही कुणी 'या टोकापासून त्या टोकापर्यंत स्क्रीन' असं चित्र काढलं, की मी आधी त्यात स्पीकर शोधतो. सापडले नाहीत, तर ते चित्र अर्धवट आहे.

आवाजाच्या वेगाची पाचर तर प्रत्येक धाडसी कल्पनेला बसते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मुख्य स्पीकरपासून १०० मीटरवरच्या माणसाला ठोका २९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात हे अर्ध्या ठोक्याहून जास्त झालं. ८० मीटरवर डिले टॉवर असेल, तर त्याचा आवाज सुमारे २३३ मिलिसेकंद रोखून सोडावा लागतो, म्हणजे तो पुढून येणाऱ्या आवाजाला गाठतो. दुपारी ३० अंशांना लावलेला हा आकडा रात्री २० अंशांना ४ मिलिसेकंदांनी चुकतो, म्हणून शोआधी तो पुन्हा बघतात.

बी-स्टेजवर तर गायक स्वतःच स्पीकरच्या पुढ्यात उभा असतो. ४० मीटर मागून त्याचाच आवाज सुमारे ११७ मिलिसेकंद उशिरा पाठीवर येतो आणि माइकमध्येही शिरतो. कानातले मॉनिटर (स्वतःचा आवाज थेट ऐकवणारे इअरफोन) नसतील तर तिथे ताल धरणं फार अवघड. बी-स्टेजवर वाद्यं कमी आणि गाणी साधी असतात, त्यामागे हेही एक कारण आहे. तेव्हा 'पूर्ण बँड शेवटच्या टोकाला जाऊन सगळ्यात वेगवान गाणं वाजवेल' हा अंदाज जरा जपून करा.

तारखांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि खरं तर त्या खूप बोलतात. मोठ्या स्टेजचं लोखंड उभं करायला काही दिवस लागतात, म्हणून त्याचे एकाहून जास्त संच फिरतात: एकावर शो चालू, दुसरा पुढच्या शहरात उभा होतोय, तिसरा मागच्या शहरात उतरतोय. 'क्लॉ'चेही तीन संच होते. लाइट, स्पीकर, स्क्रीन यांचा संच मात्र शक्यतो एकच, तो शो संपल्यावर रात्रीतून पुढे निघतो. दोन शहरांत एकच मोकळा दिवस असेल, तर एका दिवसात चढणारी साधी रचना धरून चाला. एका शहरात दोन-तीन शो आणि मग आठवड्याची फट असेल, तर भारी काहीतरी येतंय.

शिवाय सगळं ट्रकमध्ये मावलं पाहिजे. ट्रेलर आतून जेमतेम २.४ मीटर रुंद. त्याहून मोठी प्रत्येक वस्तू तुकड्यांत येणार आणि प्रत्येक सांधा रोज जुळवावा लागणार. राक्षसी आकृत्या इतक्या वेळा हवा भरलेल्याच का असतात, ते यावरून कळेल: घडी घातली की त्या पेटीत बसतात. हलणारे भाग जितके जास्त, तितकी अडकण्याची भीतीही जास्त. 'पॉपमार्ट'मधलं आरशांचं लिंबू १९९७ मध्ये ऑस्लोत नीट उघडलंच नाही आणि बँड आत अडकला.

शेवटचा पुरावा येतो पहिल्या शोच्या जेमतेम आठवडाभर आधी. स्टेज उभं राहिलं की क्रू खुर्च्याखुर्च्यांवर जाऊन खरंच काय दिसतं ते तपासतो आणि राखून ठेवलेल्या जागा विक्रीला सोडतो. आधीचे स्क्रीनशॉट तेव्हा बाहेर काढा. नव्याने उघडलेल्या जागा बाजूच्या असतील, तर स्क्रीन अपेक्षेपेक्षा अरुंद निघाला. मचाणाभोवतीच्या असतील, तर त्यातून स्टेजबद्दल काही कळत नाही. आणि तरीही एखादा ब्लॉक ठिपक्यासारखा बंदच राहिला असेल, तर त्याच्या समोर मैदानात रेषा ओढून बघा. तिथे बहुतेक एक पाय उभा असतो.